नाट्याची नोंद, कुवेतमार्गे

मला उद्धट म्हणणारे लोक रत्नागिरीत तेव्हाही होते, आजही आहेत. त्यातल्या बहुतेकांना मी कधी ना कधी "माझं काम आहे, मला कळतं" असं ऐकवलेलं आहे, एवढाच माझा गुन्हा. २००४-०५ च्या सुमारास मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये मी नोकरीला होते. कॉम्प्युटरचं शिकून, पुण्यात दोन वर्षं काढून घरी परत आले होते. परत आलेली मुलगी म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार, असं आमच्या गल्लीने परस्पर ठरवून टाकलं होतं. बिनसलं काही नव्हतं. मला पुण्याची हवा मानवली नाही आणि तिथली मासळी तर त्याहून नाही.

आमची कंपनी बर्फाच्या कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायची. मालक जुन्या वळणाचे मेकॅनिक, आयुष्यभर कॉम्प्रेसरला कान लावून त्याचं दुखणं सांगणारे. उत्तरेला हर्णैपासून दक्षिणेला नाटे गावापर्यंत किनाऱ्यावर त्यांची गिऱ्हाइकं. मी आल्यावर पॅनेलच्या शेजारी एक कॉम्प्युटर बसू लागला आणि त्यावर माझा प्रोग्रॅम. तो प्रेशर बघायचा, बर्फाचे साचे ज्यात बुडालेले असतात त्या खाऱ्या पाण्याचं तापमान बघायचा, कॉम्प्रेसर थंड ठेवणारं पाणी आटलं तर कॉम्प्रेसर बंद करायचा. आणि मुख्य म्हणजे मिरजोळ्यात बसून मला त्याला जोडून घेता यायचं, आकडे वाचता यायचे, हुकूम सोडता यायचे. मालक याला 'उंटावरून शेळ्या हाकणं' म्हणायचे. मी म्हणायचे, "हाकल्या जातात ना? मग झालं तर."

पण शेळ्या हाकायच्या तर त्या कुठे आहेत ते आधी कळायला हवं, आणि अडचण तीच होती. कारखान्यांत इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून मिळायचं तेवढं. दर वेळी जोडणी झाली की त्या कॉम्प्युटरला नवा पत्ता मिळायचा, आकड्यांचा, आणि जोडणी तुटली की तो पत्ता गेला. पत्ता नाही तर माझा प्रोग्रॅम तिकडे जागा असून मला काय उपयोग? म्हणून सुरुवातीला मी ऑपरेटरांना सांगितलं, स्क्रीनवर आकडे दिसतात ते मला फोनवर वाचून दाखवा. आता गंमत बघा. फोनची तार एकच. कॉम्प्युटर जोडलेला असताना फोन करता येत नाही. म्हणून हे शहाणे आकडे कागदावर उतरवून घ्यायचे, जोडणी तोडायचे, मग मला फोन करायचे आणि खणखणीत आवाजात मेलेला पत्ता वाचून दाखवायचे. मी तो लिहूनही घ्यायचे. हे आठवडाभर चाललं होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

यावर उपाय म्हणजे लुकअप सेवा. नाव भारदस्त आहे, कल्पना आपल्या घरातली आहे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे होता. गल्लीतल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापलेला असायचा आणि त्यापुढे 'पीपी' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन या घरी करा, माणूस आम्ही बोलावून देऊ. माझी आई फोन उचलून सांगायची, "ते आज चिपळूणला गेलेत, उद्या दुपारनंतर करा." कोण कुठे आहे, कधी भेटेल, नसेल तर कुणाला विचारायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. मला तशीच एक आई हवी होती, फक्त कधीही न झोपणारी.

ती मी पंधरा दिवसांत उभी केली. आमच्या शेडमध्ये एका कॉम्प्युटरला कायमचा, न बदलणारा पत्ता घेतला आणि तो पत्ता प्रत्येक कारखान्यातल्या प्रोग्रॅमला पढवून ठेवला. प्रत्येकाने दर तासाला मोडेमवरून यायचं आणि आल्या आल्या सांगायचं, मी अमुक गावचा, माझं काम अमुक, आत्ता मी या पत्त्यावर सापडेन. लुकअपने ते यादीत लिहून ठेवायचं. पाव तास थांबून (मी जोडलेली असले तर माझं काम संपेपर्यंत) कारखान्याने जायचं, पुढच्या तासाला पुन्हा यायचं. मला ज्याच्याशी बोलायचं असेल त्याचं नाव मी यादीत शोधायचं आणि जोडून घ्यायचं.

यात मी मुदतीचा नियम फार हौसेने घातला होता. यादीतली नोंद सव्वा तास टिकणार. तेवढ्यात पुन्हा येऊन 'मी आहे' म्हटलं नाही तर नाव आपोआप पुसलं जाणार आणि आमच्या शेडमध्ये घंटा वाजणार. आपल्याकडे माणूस वीस वर्षं मुंबईला असला तरी दारावर पाटी त्याचीच, रेशनकार्डावर नाव त्याचंच. माझ्या यादीत तसलं काही चालणार नव्हतं. नाव आहे म्हणजे तिथे कोणीतरी जागं आहे, नाही म्हणजे नाही. मालकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लुकअप तुझ्यासारखाच दिसतोय. तोंडावर सांगणारा."

पहिल्या सकाळी कोऱ्या स्क्रीनवर हर्णैचं नाव उमटलं, मग जयगडचं, मग एकामागून एक सगळी. मालक चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. शेवटचं नाव नाट्याचं आलं. "बरं आहे," ते म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही. मला मात्र आनंदाने काही सुचत नव्हतं. शेजारच्या काजूच्या कारखान्याचा धूर रोज डोळ्यांत जायचा आणि मी रोज चिडायचे, त्या दिवशी तो आलेलाही कळला नाही.

नाट्याचा कारखाना चाचींचा. सगळा किनारा त्यांना चाची म्हणायचा, म्हणून मीही. त्यांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी वारले आणि कारखाना चाचींनी हातात घेतला. हाताखाली एक ऑपरेटर, बाकी त्या एकट्या. एकुलता एक मुलगा कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर. त्याला रात्रंदिवस एकच घोर. पासष्टीला आलेली आई अमोनियाच्या यंत्राजवळ एकटी राहते. राजापूरचं एक गिऱ्हाईक कारखाना घ्यायला तयार होतं. मुलाचं म्हणणं, विकून टाकावा आणि आईने रत्नागिरीला त्याच्या बायकामुलांत येऊन राहावं. चाचींचं म्हणणं, मी फ्लॅटमध्ये बसून भिंती मोजू काय?

मालकांनी त्याला माझ्या यंत्राचं सांगितलं आणि त्याने कुवेतहून थेट मला फोन केला. गोड बोलणारा माणूस, पण शब्दाचा पक्का. म्हणाला, "मॅडम, तुमच्या भरवशावर एक सीझन देतो. पावसाळ्याच्या आधी बोटी वर ओढल्या की तुम्ही मला होय किंवा नाही, एवढंच सांगायचं. मशीन एकटी कारखाना सांभाळते की नाही. सांभाळत नसेल तर मी विकतो, आईला मीच समजावीन." मी म्हटलं, होयच सांगणार. सीझन सुरू व्हायच्या आधीच उत्तर देऊन टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र मला चाचींचा चेहरा आठवला. यंत्र बसवायला गेले होते तेव्हा त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हवर हात ठेवून तो मला दाखवला होता, घरातली माणसं दाखवावीत तसा. आता ते सगळं माझ्या एका शब्दावर होतं.

त्या वेळी त्यांनी एक अटही घातली होती. कारखान्याची विहीर उन्हाळ्यात दगा देते. मागे दुसरी विहीर आहे, पण तिचं पाणी वाडी पिते. "तुझा डबा त्या विहिरीला आपल्या मनाने हात लावणार नाय," त्या म्हणाल्या. "माणसाने विचारायचं, माणसाने सांगायचं. मगच लावायचा पंप." मी तसं प्रोग्रॅममध्ये घातलं. पाणी गेलं तर कॉम्प्रेसर बंद करून थांब, दुसरा पंप मिरजोळ्याहून हुकूम आल्याशिवाय लावू नको.

सगळं सुरळीत चालू झालं आणि पहिल्याच शुक्रवारी नाट्याचं नाव पुसलं गेलं. चारच्या सुमाराला घंटा वाजली. फोन लावला तर एंगेज. संध्याकाळी साडेसातला नाव आपोआप परत आलं. शनिवारी मी चाचींना विचारलं, "काल मशीन बिघडली होती का?" "नाय गो, झ्याक चालली." पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. बाकी आठवडाभर नाटे कसं घड्याळ लावून यायचं. मी मोडेम बदलून पाठवला. मग दुसरा पाठवला. मग टेलिफोन खात्याला पत्र लिहिलं, शुक्रवारी तुमच्या तारेला काय होतं म्हणून. मग तिसरा मोडेम पाठवला. दर महिन्याला कुवेतहून फोन यायचा, "मॅडम, कसं काय?" आणि मी शुक्रवार वगळून बाकीचं सांगायचे. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं, आणि मला ते टोचायचं.

शेवटी एका शुक्रवारी मी सकाळची एसटी पकडून नाट्याला गेले. दुपारी पोचले तेव्हा यंत्र उत्तम चालू होतं, बर्फाच्या लाद्या निघत होत्या. मी कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून राखण करत बसले. तीनच्या सुमाराला एकेक बाई यायला लागली. कोणी पोर कडेवर घेऊन, कोणी नवा सलवार-कमीज घालून, एक म्हातारी काठी टेकत. ऑफिसात भिंतीला लांब बाकडं होतं, त्यावर सगळ्या ओळीने बसल्या. चाची आल्या, सगळ्यांवर नजर फिरवली, वाकल्या, मोडेमची वायर भिंतीतून हलक्या हाताने काढली, तिचं वेटोळं केलं आणि कॅलेंडरच्या खिळ्याला टांगून ठेवलं. टेलिफोनची वायर त्या जागी लावली. दोन मिनिटांत फोन वाजला.

"चाची!" मी जवळजवळ ओरडलेच. "ही वायर तुम्ही काढता?"

"मग कोण काढणार? शुक्रवार नाय का आज? तिकडं सुट्टी असते, जुम्मा आटोपला की पोरं फोन करतात. तुझा डबा तासातासाला किंचाळतो नि लाइन खातो."

"अहो, मग मला सांगितलंत का नाही?"

"तू विचारलंस कधी? तू विचारायचीस, मशीन बिघडली होती काय. नव्हती बिघडली."

बाकडं हसलं. मी तीन मोडेम पाठवले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते यालाच. गावात फोन चार-सहा घरी होते, पण तार वरचेवर तुटायची, मोबाईलची रेंज अजून डोंगराच्या पलीकडेच होती. कारखान्याची लाइन तेवढी भरवशाची. त्यामुळे कुवेत, दुबई, बहारीनला गेलेल्या वाडीतल्या प्रत्येक पुरुषाकडे घरचा नंबर म्हणून हाच नंबर. म्हणजे मी जी सेवा मोठ्या तोऱ्यात उभी केली होती ती चाची कित्येक वर्षं चालवत होत्या, त्याच तारेवर. आणि त्यांची जुनी होती. एका बाईचं बोलणं संपेपर्यंत दुसरी गप्प बसायची. कोणी किती वेळ बोलायचं याला बंधन नव्हतं. कुणाचं बोलणं मध्ये तोडायचं नाही, हा एकच नियम. काठीवाली म्हातारी मुलाशी बोलताना नुसती "हां, हां" म्हणत होती आणि रडत होती. मी वायरला हात लावला नाही. संध्याकाळच्या गाडीने परत आले.

दुसरी लाइन मागितली तर उत्तर आलं, केबलला जागा नाही, थांबा. थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी लुकअपमध्ये एक खास नियम घातला. शुक्रवारी दुपारी तीनपासून नाट्याची मुदत सव्वा तास नाही, पाच तास. वायर खिळ्याला टांगलेली असली तरी नाव यादीत राहील, घंटा वाजणार नाही, बाकड्याला त्रास नाही आणि मलाही नाही. माझाच नियम मीच मोडला आणि वर स्वतःवर खूष झाले. पुढचे सगळे शुक्रवार शांत गेले. कुवेतला मी आता न अडखळता "एकदम झ्याक" सांगू लागले.

एप्रिलमधला तो शुक्रवार. साडेचार वाजले असतील. मालक गोदामात पॅनेल मोजत होते. माझ्यासमोर यादी होती आणि यादीत नाटे हिरव्या अक्षरात. फोन वाजला. कुवेत.

"मॅडम, मशीन बंद पडलीय."

"कुठली?"

"आमची. नाट्याची."

"नाही हो," मी म्हटलं. "नाटे चालू आहे. माझ्यासमोर नाव दिसतंय मला."

"मॅडम, नाव असेल. आई म्हणते मशीन बंद आहे."

मी त्याच्याशी वाद घातला. खरं सांगते, अर्धा मिनिट मी त्याला माझी यादी समजावून सांगत होते. मग माझी नजर नोंदीच्या वेळेवर गेली. दोन वाजून पन्नास मिनिटं. नाव हिरवं होतं कारण मी त्याला हिरवं राहायला सांगितलं होतं. दारावर पाटी होती आणि आत कोणी नव्हतं.

मग त्याने झालं ते सांगितलं. बाकड्यावरच्या एका बाईच्या लक्षात आलं की कॉम्प्रेसरचा आवाज जड झालाय. पाच मिनिटांत तो बंदच झाला. चाचींनी बटण दाबून पाहिलं, चालू होईना. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लाल लाल येत होतं. ऑपरेटर पॅनेलची किल्ली खिशात घालून बर्फ घेऊन बंदरावर गेलेला. दिवेलागणीला बोटी सुटायच्या होत्या आणि त्यांचा निम्मा बर्फ अजून साच्यात होता. मिरजोळ्याला फोन करावा तर फोनवर एक नवी नवरी बसलेली, लग्नानंतर दोन महिन्यांत गेलेल्या नवऱ्याशी बोलत. तिचं बोलणं चाचींनी तोडलं नाही. तिला नुसतं म्हणाल्या, "त्याला सांग, माझ्या पोराला सांग म्हणावं, मिरजोळ्याच्या बायला फोन कर." तिचा नवरा आणि चाचींचा मुलगा कुवेतला एकाच खोलीत राहायचे.

नाटे ते मिरजोळे तीन तासांची एसटी, आणि निरोप समुद्र ओलांडून जाऊन परत आला होता. द्राविडी प्राणायाम म्हणावा तर याला. पण वाट चालू होती, आणि माझी बंद होती. मी विचारायला लागले. मी चाचींच्या मुलाला विचारायचं, त्याने खोलीतल्या मित्राला, मित्राने बायकोला, तिने चाचींना. उत्तर उलट्या वाटेने.

"विहिरीचं पाणी पडतंय का?"

थोडा वेळ गेला. "नाही पडत. पंप नुसता फिरतोय."

म्हणजे पाणी गेलं होतं. प्रोग्रॅमने नियमाप्रमाणे कॉम्प्रेसर बंद केला होता आणि दुसऱ्या विहिरीसाठी हुकमाची वाट बघत बसला होता. विचारायला येणार कसा? त्याची वायर खिळ्याला होती. मी म्हटलं, "चाचींना विचारा, दुसरी विहीर लावू का."

उत्तर यायला जास्त वेळ लागला. "आई म्हणते, आधी पाव तास बायकांना हंडे भरून घेऊ दे. मग लाव. अर्धा तास, वर एक मिनिट नाय."

"बरं. आता मोडेमची वायर लावायला हवी. त्यासाठी..." आणि मी थांबले. त्यासाठी त्या नव्या नवरीला फोन ठेवावा लागणार होता. हे मी कुणाला कसं सांगणार? पण तिकडून त्यानेच आपणहून सांगितलं, "ठेवला तिने. तीच म्हणाली, मी ठेवते, पुढच्या शुक्रवारी बोलू."

मी यादीतलं नाट्याचं हिरवं नाव स्वतःच्या हाताने पुसलं. जागा रिकामी झाली. मालक केव्हा येऊन मागे उभे राहिले ते मला कळलं नाही. कुवेतचा फोन कानाला तसाच होता. मग रिकाम्या जागेवर नाव उमटलं. नवा पत्ता, आत्ताची वेळ. मी जोडून घेतलं. आकडे आले. खाऱ्या पाण्याचं तापमान चढायला लागलं होतं, पण लाद्या अजून धरून होत्या. पंधरा मिनिटं बायकांच्या हंड्यांसाठी घड्याळ बघत बसले. ती पंधरा मिनिटं तो फोनवर थांबला होता. मग दुसरा पंप लावला, प्रेशर उतरलं, कॉम्प्रेसर चालू केला.

"चालली," मी म्हटलं.

त्याने ते तिकडे मित्राला ओरडून सांगितलं. मग "बरं मॅडम" म्हणून त्याने फोन ठेवला. अर्धा तास भरायच्या आत ऑपरेटर परत आला आणि त्याने पहिल्या विहिरीत पाइपाच्या तळाशी असलेल्या फुटव्हॉलमध्ये अडकलेला पाला काढला. बोटी वेळेवर सुटल्या.

मे अखेरीला बोटी वर ओढल्या आणि कुवेतहून फोन आला. होय की नाही. मला 'होय' म्हणता आलं असतं. मालकही हळूच म्हणाले, "झालं ते झालं, होय सांगून टाक." पण एप्रिलपासून ते हिरवं नाव माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. पाच तासांची मुदत, मीच घातलेली, आणि तुमची आई बंद मशीनसमोर उभी असताना मी तुम्हाला 'चालू आहे' सांगत होते ते. शेवटी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं, मशीन एकटी सांभाळते का. उत्तर नाही आहे." चाचींचा कारखाना मी माझ्या तोंडाने घालवला, असं मला वाटलं.

तो म्हणाला, "मॅडम, मशीन एकटी सांभाळते का हे मला कशाला हवं होतं? आई एकटी आहे, म्हणून विचारत होतो. त्या दिवशी कळलं, सबंध बाकडं आहे तिथे." मग हसला. "नाही विकत. पण ते तुमचं पाच तासांचं काढा."

ते मी त्याच दिवशी काढलं. नाट्याची मुदत पुन्हा सव्वा तास केली, शुक्रवारीसुद्धा. आणि चाचींना फोन करून अडचण सांगितली. सरळ, नीट विचारलं, मोडेम न पाठवता. त्यांनी एका वाक्यात सोडवली. "मग तुझ्या डब्याला पण बाकड्यावर नंबर दे की गो." तेव्हापासून शुक्रवारी तासाभरात दोन बोलणी संपली की चाची फोनची वायर काढून मोडेमची लावायच्या. पाच मिनिटं यंत्र यायचं, 'मी आहे' सांगायचं, जायचं. मग पुढची बाई. बायका त्याला 'मिरजोळ्याची' म्हणायच्या. "थांब गो, आता मिरजोळ्याचीचा नंबर."

यादीत नाट्याच्या नोंदीपुढे मी एक रकाना जास्त केला. नाव नसेल तर कुणाला विचारायचं. त्यात चाचींच्या मुलाचा कुवेतचा नंबर लिहिला आणि पुढे 'पीपी'. मालकांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचला. "नाट्याच्या बर्फाची चौकशी कुवेतला?" म्हणाले. मी म्हटलं, "तिथेच लवकर कळते."

पुढच्या सीझनमध्ये एका शुक्रवारी पाचच्या सुमाराला कुवेतहून त्याचा फोन आला. तासभर घरचा नंबर लावत होता, एंगेज. बाकडं भरलेलं असणार. त्याला मशीनचं काही विचारायचं नव्हतं. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, जरा यादीत बघता का? आई आहे?"

मी बघितलं. नाटे यादीत होतं. शुक्रवारी ते नाव चाचींनी स्वतःच्या हाताने वायर लावल्याशिवाय येत नव्हतं.

"आहेत," मी म्हटलं. "सात मिनिटांपूर्वी होत्या."